शेजारचा गोंगाट आणि घरमालकाचे मौन : उजनी जलाशयाकाठच्या गावांतील दाद मागण्याच्या मार्गांचा इतिहास

शेजाऱ्याच्या घरातून येणारा गोंगाट हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. महसूल, वतने, दुष्काळ आणि जमिनीचे तंटे यांविषयी विपुल लेखन झाले. परंतु रात्रीची झोप मोडली म्हणून कोणी कोणाकडे दाद मागितली, आणि ज्याच्याकडे मागितली त्याने कानावर हात ठेवले तर पुढे काय झाले, हा प्रश्न किरकोळ समजून सोडून देण्यात आला. वस्तुतः हा प्रश्न किरकोळ नाही. गावातील अथवा वाड्यातील सर्वांत दुबळ्या रहिवाशाचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन कोणावर होते, हे अशाच लहान तक्रारींवरून कळून येते. सोलापूर जिल्ह्यातील माढा व करमाळा तालुक्यांतील आणि समोरच्या तीरावरील इंदापूर तालुक्यातील गावांनी एका शतकात वतनी गावगाडा, ब्रिटिश कायदा, धरणाने घडविलेले स्थलांतर आणि भाड्याच्या खोल्यांची वस्ती अशी चार स्थित्यंतरे पाहिली. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे.

१. वतनी गावातील आवाजाची व्यवस्था

जुने गाव शांत होते, असा एक समज आहे. तो टिकणारा नाही. देवळातील चौघडा, गुरवाचा संबळ, लग्नसराईतील वाजंत्री, हलगीच्या तालावर निघणाऱ्या मिरवणुका, पहाटेची जाती आणि रात्रीची भजने यांनी गाव भरलेले असे. आवाजाची कमतरता नव्हती; मात्र तो कोणी, केव्हा व कोणाच्या दारापुढे करावयाचा हे वहिवाटीने ठरलेले होते. वतनी कागदांतील मानपानाच्या यादीत पाटलाच्या हक्कांबरोबर सणावारी वाजंत्री प्रथम कोणाच्या घरी जावी याचाही उल्लेख येतो. तंटा होई तो आवाज फार झाला म्हणून नव्हे, तर वाजंत्री आपल्या दाराऐवजी दुसऱ्याच्या दारी आधी गेली म्हणून. ध्वनी हा उपद्रव नसून मान होता, आणि मान हा वतनाचा भाग होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजू विसरता येत नाही. वाजविणे हा ज्यांचा व्यवसाय मानला गेला होता, त्यांना ते काम नाकारण्याची मुभा नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्यांच्या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, त्यावरून परस्परावलंबनाबरोबर त्यातील सक्तीही ध्यानात येते. गावाच्या आवाजाविषयी बोलण्याचा अधिकार ज्यांच्याकडे वतन होते त्यांचाच होता. उपरी कुळाला, म्हणजे बाहेरून येऊन राहिलेल्या मनुष्याला, गोतसभेत वतनदाराच्या बरोबरीचे स्थान नव्हते. पाटलाने दाद दिली नाही तर वतनदाराला देशमुखाकडे, कमाविसदाराकडे आणि शेवटी हुजुरात जाता येई. उपऱ्याला मात्र गाव सोडून जाणे हाच बहुधा व्यवहार्य उपाय असे. तक्रारीचा अधिकार मालकीशी जोडलेला असणे ही गोष्ट येथूनच सुरू होते, आणि पुढील दोन शतके ती निरनिराळ्या रूपांत टिकून राहते.

२. धरणे, दंडसंहिता आणि घराचा मालक

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला. पुढील वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल सादर केला, त्यात पंचायतीच्या कामकाजाबरोबर तगाद्याच्या प्रथेचेही वर्णन आहे. देणे न देणाऱ्याच्या दारात धनकोने अथवा त्याच्या माणसाने बसून राहावयाचे, त्याला बाहेर पडू द्यावयाचे नाही, प्रसंगी स्वतः उपाशी राहून त्यालाही उपाशी ठेवावयाचे, असा हा प्रकार होता. तो मुख्यतः कर्जवसुलीचा होता. तथापि त्यामागील तत्त्व व्यापक होते. ऐकण्याचे ज्याचे कर्तव्य आहे तो ऐकत नसेल तर त्याच्याच दारात जाऊन बसावे आणि त्याचे न ऐकणे साऱ्या गावाच्या नजरेस आणावे, हे ते तत्त्व.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने या मार्गाच्या एका रूपास बंदी केली. कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून कृत्य करवून घेणे हा अपराध ठरविला होता, आणि त्याच्या स्पष्टीकरणासाठी दिलेले उदाहरण दारात धरणे धरून बसण्याचेच होते. त्याच संहितेने कलम २६८ मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या केली. आसपास राहणाऱ्या सर्वसाधारण लोकांना ज्यामुळे त्रास होतो ते कृत्य म्हणजे सार्वजनिक उपद्रव. कलम २९० प्रमाणे त्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. यातील ‘सर्वसाधारण लोक’ हे शब्द निर्णायक आहेत. भिंतीपलीकडच्या एकाच कुटुंबाची झोप मोडणारा शेजारी या व्याख्येत सहसा बसत नाही.

एका घराच्या त्रासाची दखल घेणारी तरतूद निराळ्या कायद्यात आली. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. तो १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. त्याच्या सातव्या कलमाखालील उदाहरणांत, घराच्या मालकास घरातील शारीरिक स्वास्थ्यात दुसऱ्याच्या आवाजाने अथवा कंपाने वाजवीपेक्षा अधिक व्यत्यय येऊ नये असा हक्क असल्याचे म्हटले आहे. शांततेचा हक्क इतक्या स्पष्ट शब्दांत मांडणारी ही तरतूद महत्त्वाची आहे. परंतु कायद्याने तो हक्क घराच्या मालकाच्या नावाने मांडला. घरात झोपणाऱ्याच्या नावाने नव्हे. ताबा असलेल्या भाडेकरूलाही उपद्रवाविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो हे खरे; पण तो मार्ग तालुक्याच्या न्यायालयातून, वकिलामार्फत आणि वर्षांच्या हिशेबाने जाणारा होता. वतनदाराच्या जागी घरमालक आला; उपऱ्याच्या जागी भाडेकरू आला.

३. जलाशय आणि नवा शेजार

भीमेवरील उजनी धरणाचे काम १९६० नंतरच्या दशकात हाती घेण्यात आले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट एकूण साठ्याच्या या जलाशयात, ज्याचा मृतसाठाच सुमारे ६३ अब्ज घनफूट आहे, सोलापूर, पुणे आणि तत्कालीन अहमदनगर या तीन जिल्ह्यांतील नदीकाठची गावे व शेती बुडाली. पळसदेवसारखे गाव मूळ जागेवरून उठून वर आले. त्याचे जुने मंदिर पाणी उतरले की दिसू लागते.

याच काळात गावाची जुनी सत्ताही मोडत होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट केली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे पद रद्द झाले. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा वतनदार न राहता नेमलेला अधिकारी झाला. वतनी सक्तीतून मुक्तता हे या बदलांचे मोठे श्रेय होय. परंतु आवाजाच्या वेळा आणि मर्यादा ठरविणारी वहिवाटही त्यांच्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही ताबडतोब आले नाही. १९७६ मध्ये प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा पहिला सर्वसमावेशक राज्य कायदा झाला. त्याने आणि नंतरच्या कायद्यांनी नव्या गावठाणास पाणी, रस्ते, शाळा इत्यादी नागरी सुविधा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. नवे गावठाण नकाशावर आखले गेले. भावकीची जुनी आळी आणि पिढ्यांचा शेजार यांना नकाशात स्थान नसते. ज्याच्याशी पिढीजात देणेघेणे आहे त्याला ‘जरा हळू’ असे सांगता येते. नव्या शेजाऱ्याला तेच सांगणे म्हणजे तक्रार होते.

जलाशयाने आणखी एक बदल केला, तो भौतिक स्वरूपाचा आहे. पूर्वी नदीचे पात्र मर्यादित रुंदीचे व मधे झाडी-चढउतार असलेले होते. आता तेथे कित्येक किलोमीटर पसरलेला सपाट पाण्याचा पृष्ठभाग आहे. रात्री पाण्यालगतची हवा थंड व वरची तुलनेने उबदार असेल तर ध्वनिलहरी वर निघून न जाता खाली वळतात, आणि पाण्यावरून आवाज दूरवर पोहोचतो. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी ही गावे समोरासमोरच्या तीरांवर आहेत. मधल्या पाण्यातून होड्यांची वाहतूक चालत आली असून २१ मे २०२४ रोजी या मार्गावर होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा या दोन गावांच्या निकटसंबंधाची वार्ता सर्वत्र पोहोचली. एका तीरावर लावलेल्या ध्वनिक्षेपकाचा त्रास दुसऱ्या तीरावर झाला, तर तक्रार करणारा सोलापूर जिल्ह्यातील आणि कारवाई करणारा अधिकारी पुणे जिल्ह्यातील, अशी स्थिती येथे निर्माण होते. शेजार एक झाला, पण दाद मागण्याचे दार दुसऱ्या जिल्ह्यात गेले.

४. तीन प्रकारची घरे आणि घरमालकाचे मौन

धरणानंतर या पट्ट्यात राहण्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला, पुनर्वसित गावठाणातील स्वतःच्या घराचा. दुसरा, टेंभुर्णी, भिगवण यांसारख्या महामार्गावरील बाजारगावांत एका मालकाच्या इमारतीत भाड्याने घेतलेल्या खोल्यांचा. तिसरा, धरणाच्या कामासाठी वसलेल्या भीमानगर वसाहतीतील सरकारी निवासस्थानांचा. गोंगाट तिन्ही ठिकाणी सारखा असू शकतो. दाद मागण्याचा मार्ग मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा आहे.

स्वतःच्या घरात राहणाऱ्यास सुविधाधिकाराचा कायदा थेट उपयोगी पडतो. भाडेकरूची स्थिती अवघड आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १३ मध्ये, आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ मध्ये, शेजारच्या रहिवाशांस उपद्रव अथवा त्रास होईल असे वर्तन करणाऱ्या भाडेकरूकडून जागा परत घेता येते, अशी तरतूद आहे. इंग्लंडमधील १९२० च्या भाडेनियंत्रण कायद्यातही याच आशयाचे कारण नमूद होते. वरवर पाहता ही तरतूद त्रस्त शेजाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. बारकाईने पाहता तिची किल्ली घरमालकाच्या हाती आहे. दावा मालकाने लावावयाचा. शेजारी फार तर साक्षीदार. गोंगाट करणारा भाडेकरू भाडे वेळेवर देत असेल, किंवा मालकाच्या नात्यातला असेल, तर मालकाला दावा लावण्यात काही लाभ नाही. अशा वेळी ज्याच्यासाठी तरतूद लिहिली त्याच्या ती उपयोगाची राहत नाही.

यापुढची अडचण क्षेत्राची आहे. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. शहरे व नगरपालिका ही त्याची मुख्य भूमी. ज्या ग्रामपंचायत क्षेत्रास तो लागू नाही तेथे भाडेकरूचा आधार म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस जागेचा निर्वेध उपभोग मिळेल अशी हमी मालकाने दिल्याचे समजले जाते. परंतु ‘निर्वेध’ म्हणजे ‘निःशब्द’ नव्हे. लंडनमधील सदर्क नगरपरिषदेच्या जुन्या घरांतील भाडेकरूंनी, शेजाऱ्यांचा साधा वावरही भिंतीतून ऐकू येतो म्हणून, घरमालक असलेल्या नगरपरिषदेस जबाबदार धरण्याचा प्रयत्न केला होता. ब्रिटनच्या उमराव सभेने १९९९ मध्ये तो अमान्य केला. शेजाऱ्यांचे वागणे नित्याचे होते आणि इमारतीतील उणीव भाडेकरार होण्यापूर्वीचीच होती. निर्वेध उपभोगाच्या हमीने ती दूर करण्याचे दायित्व मालकावर येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. हा निर्णय भारतात बंधनकारक नाही; पण निर्वेध उपभोगाची कल्पना ज्या कायदेपरंपरेतून आली तिची मर्यादा त्यातून स्पष्ट होते.

याच अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये या प्रश्नाचे मर्म दडलेले आहे. लेखी करार अथवा वेगळी वहिवाट नसेल तर राहण्यासाठी दिलेली जागा महिनेवारी समजली जाते, आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीने ती सोडावयास सांगता येते. तक्रार करणाऱ्या भाडेकरूस मालकाने ‘पटत नसेल तर दुसरी खोली पाहा’ असे म्हटले, तर त्या उत्तरामागे कायद्याचे बळ उभे असते. ज्याचे शेत पाण्याखाली गेले आणि मोबदला खर्ची पडला, त्या कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ आणखी तीव्र आहे. जुन्या गावात ते घराचे मालक होते, म्हणून शांततेच्या हक्काचेही मालक होते. भाड्याच्या खोलीत आल्यावर हा दुसरा हक्कही मागे राहिला. मोबदल्याच्या हिशेबात त्याची नोंद कोठेही नसते.

सरकारी निवासस्थानाचा प्रकार याहून निराळा. भाडे नियंत्रणाचे दोन्ही कायदे शासनाच्या मालकीच्या जागांना लागू नाहीत. तेथे घरमालक म्हणजे खाते, आणि तक्रार म्हणजे अर्ज. अर्जाची आवक नोंद होते, हा त्यातील एक गुण म्हणता येईल. पण अर्जदार, ज्याच्याविरुद्ध अर्ज तो, आणि निर्णय देणारा अधिकारी हे एकाच कार्यालयाच्या श्रेणीतील असतात. त्यामुळे शेजाऱ्याविरुद्धची तक्रार ही सहकाऱ्याविरुद्धची अथवा वरिष्ठाविरुद्धची तक्रार ठरते. खोलीच्या मालकाचे मौन हे एका माणसाचे मौन असते. खात्याच्या मौनास पत्ता नसतो.

५. ऐकणाऱ्याचा हक्क

या दीर्घ परंपरेत खरा बदल झाला तो २००० साली. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली त्या वर्षी फेब्रुवारीत केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरविली. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ धरून त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास बंदी केली; सणासमारंभांसाठी वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना २००२ च्या दुरुस्तीने मिळाला. २०१० च्या दुरुस्तीने खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर ठरलेल्या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असू नये असे जोडले. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात हा प्रश्न जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला, आणि स्वतःच्या आवारातूनही दुसऱ्यावर आवाज लादण्याचा हक्क कोणास नाही असे स्पष्ट केले.

इतिहासाच्या दृष्टीने आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे तो या नियमांतील सातवा नियम. आवाज ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल वा त्याहून अधिक असेल तर ‘कोणीही व्यक्ती’ प्राधिकाऱ्याकडे तक्रार करू शकते, असे तो सांगतो. वतनदार नव्हे, घराचा मालक नव्हे, ‘सर्वसाधारण लोक’ही नव्हेत; एक व्यक्ती. भाड्याची पावती, सातबारा अथवा निवासस्थानाचा आदेश यांपैकी काहीही तिच्याजवळ असण्याची आवश्यकता नाही. शांततेचा हक्क मालकीपासून सुटून कानाशी जोडला गेला, तो येथे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३८ ने आवाजाचे नियमन करण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकास पूर्वीच दिला होता. परंतु तो अधिकाऱ्याचा अधिकार होता, त्रस्त मनुष्याचा नव्हे.

तथापि नियम होणे आणि तो गावापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. डेसिबल मोजण्याचे यंत्र येईपर्यंत आवाज थांबलेला असतो. एकाच वाड्यातील दोन खोल्यांमध्ये ‘जागेची सीमा’ कोठे धरावयाची, हा प्रश्न उरतोच. रात्रभर चालणारी भांडणे किंवा आदळआपट यांची दखल यंत्रमोजणीने घेता येत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण नावाची. लहान गावात तक्रार कोणी केली हे संध्याकाळपर्यंत सर्वांस ठाऊक होते. मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये तक्रारींच्या नोंदीची यंत्रणा उभारण्याचे निर्देश दिले, आणि जानेवारी २०२५ मधील निर्णयात तक्रारदाराच्या ओळखीचा आग्रह न धरता पोलिसांनी कारवाई करावी असे सांगितले. हे निर्देश शहरातील प्रकरणांतून आले असले, तरी त्यांची गरज गावात अधिक आहे.

गावपातळीवरचा दुसरा प्रयत्न म्हणजे १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. ग्रामसभेने निवडलेल्या समितीने गावातच तडजोड घडवून आणावी, ही तिची कल्पना जुन्या पंचायतीची आठवण करून देणारी आहे. शेजाऱ्यांच्या गोंगाटासारख्या प्रकरणास हा मार्ग न्यायालयापेक्षा स्वाभाविक आहे, कारण येथे दंडापेक्षा उद्याचा शेजार टिकणे महत्त्वाचे असते. पण गोतसभेचा दोष येथेही उद्भवू शकतो. समिती गावातील घरमालकांची आणि तक्रारदार बाहेरून आलेला भाडेकरू असेल, तर ‘मिटवून घ्या’ या शब्दांचा अर्थ ‘सोसून घ्या’ असा होण्याचा संभव राहतो.

निष्कर्ष

उजनी जलाशयाकाठच्या गावांचा हा इतिहास पाहता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. वतनी काळात, वसाहतकालीन कायद्यात आणि भाडे नियंत्रणाच्या व्यवस्थेत त्रस्त मनुष्य व दाद देणारी सत्ता यांच्यामध्ये सतत एक मालक उभा होता. तो ऐके तोपर्यंत ही व्यवस्था चालत असे. त्याने मौन धरले की तिच्यात दुसरे दार नव्हते. तगादा आणि धरणे हे त्या बंद दारावर थाप मारण्याचे प्रकार होते. कायद्याने त्यांना अटकाव केला, पण त्यांच्या जागी बराच काळ काही दिले नाही. २००० च्या नियमांनी प्रथमच मधल्या मालकास वगळून ऐकणाऱ्यास थेट सत्तेसमोर उभे केले.

हा बदल अपुरा असला तरी मूलगामी आहे. धरणाने विस्थापित केलेल्यांच्या हक्कांचा विचार आजवर जमीन, मोबदला आणि नागरी सुविधा या मापांनी झाला. घराच्या मालकीबरोबर जाणारे आणि मालकी गेल्यावर नकळत नाहीसे होणारे लहान हक्क या मापांत येत नाहीत. रात्री स्वस्थ झोप मिळणे हा त्यांपैकी एक होय. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी गावोगावच्या तंटामुक्ती समित्यांची इतिवृत्ते, पोलीस ठाण्यांतील अदखलपात्र तक्रारींच्या नोंदी आणि सरकारी वसाहतींतील अर्ज या साधनांकडे वळले पाहिजे. महजर आणि निवाडपत्रे यांनी अठराव्या शतकातील गाव जसे बोलते केले, तसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गाव या साध्या कागदांतून बोलते होईल.